ओटिलीचं भगदाड

पाहुणे आले की आधी भिंतीची लांबी बघून तोंडात बोट घालतात, आणि मग मधल्या भगदाडाकडे बोट दाखवून विचारतात, की एवढी देखणी भिंत, मग हे बुजवत का नाही? दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या या लहानशा खोऱ्यात गवंड्यांचा तुटवडा नाही. दगडही तिथेच शेजारी रास होऊन पडलेला आहे. तरी दीडशे वर्षांत त्या भगदाडात कोणी एक दगड परत रचलेला नाही. उलट ते दरवर्षी थोडं थोडं रुंद होत चाललं आहे.

हे खोरं समजून घ्यायचं तर पंचांग आणि दिशा दोन्ही उलटी धरावी लागतात. आपल्याकडे गणपती बसतात त्या सुमाराला इथे वेलींचे डोळे फुटतात, आणि महाशिवरात्रीच्या आगेमागे घड पिकतात. आपल्याला उत्तरेचा वारा थंडी आणतो. इथे उत्तरेला रखरखीत वाळवंट आहे, आणि तिकडचा वारा सुटला की भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटतं. खोऱ्याला तीन बाजूंनी टेकड्या, उतार उत्तरेकडे आणि तोंडही उत्तरेलाच. पाऊस हिवाळ्यात पडतो, जेमतेम, आणि पडेल तेवढा मुरून जातो. माती तांबडी, हातभर खोल, तिच्याखाली पांढरा चुनखडीचा दगड. अशा जमिनीत शिराझ द्राक्षाला जो दाट, काळा रस उतरतो तो बघायला तर तुम्ही नाशिक-सांगलीकडची बागायतदार मंडळी समुद्र ओलांडून येता.

इथे पहिल्या बागा लावल्या त्या धर्मापायी जर्मनीतलं घरदार सोडून आलेल्या तीसेक कुटुंबांनी, असं सांगतात. खोऱ्यात त्यांच्या आधीपासून माणसं राहत होती. ती थंडीच्या दिवसांत तळाशी कधी मुक्काम करत नसत, टेकडीच्या कुशीत करत. का, ते नव्या लोकांनी विचारलं नाही, आणि त्या माणसांना हुसकून लावल्यावर विचारायला कोणी उरलं नाही. तळाची सपाट जमीन मोकळी दिसली, तिथेच वेली लागल्या.

त्या कुटुंबांत ओटिली नावाची एक बाई होती. नवरा येताना जहाजावरच वारला. मागे एकुलता एक मुलगा, बेन्नो. चोवीस वर्षांचा, दगड घडवण्यात त्याचा हात धरणारा खोऱ्यात कोणी नव्हता. मायलेकांची बाग अगदी खाली, खोऱ्याच्या तोंडाशी होती.

ओळीने तीन उन्हाळे उत्तरेचा वारा असा सुटला की तोडणीला आलेले घड दोन दिवसांत वेलीवरच सुकून चिपाडं झाले. तेव्हा कास्पर नावाच्या म्हाताऱ्याने, जो देवळातही पुढे आणि पंचांतही पुढे, खोऱ्याचं तोंड भिंतीने बंद करायचं ठरवलं. वेली लावताना निघालेला चुनखडीचा दगड होताच. दोन हिवाळे सगळं खोरं राबलं. दीड पुरुष उंचीची, चारशे पावलं लांब भिंत उभी राहत आली. शेवटचं काम राहिलं होतं ते मधोमध, सगळ्यात सखल जागी. तिथे दगडांनी भरलेली गाडी उतारावर सुटली आणि बेन्नो गाडी आणि भिंतीच्या मध्ये सापडला.

आपल्याकडे बुरूज टिकावा म्हणून त्यात माणूस गाडल्याच्या गोष्टी गडागडांवर ऐकायला मिळतात. इथे कोणी कोणाचा बळी दिला नव्हता. पण कास्पर म्हणाला, की बेन्नोने जीव दिला तो या भिंतीसाठी, तेव्हा त्याची जागा भिंतीतच. सगळ्यांनी बेन्नोला तिथे पुरलं, त्याच्यावर शेवटचे थर चढवले आणि देवासमोर शपथ घेतली, की या भिंतीचा एक दगडही कोणी हलवायचा नाही. ओटिलीला ते पटलं. पोरगा तर गेलाच होता, निदान कारणी लागला, एवढा तरी आधार तिला मिळाला.

उन्हाळा चांगला गेला. वारा भिंतीवर आपटून वरून निघून जाई आणि घड टवटवीत राहत. पण पुढच्या वसंतात एका निरभ्र, वारा पडलेल्या पहाटे दवाचा बर्फ झाला, आणि तळाच्या बागांमधले कोवळे फुटवे उकळतं पाणी ओतल्यासारखे काळे पडले. कास्पर म्हणाला, एखादं वर्ष वाईट असतंच. दुसऱ्या वसंतात बर्फ आणखी वरच्या ओळींपर्यंत चढला. आपण आगीतून फुफाट्यात म्हणतो, ही माणसं आगीतून बर्फात पडली. भिंतीवर मात्र कोणाचा संशय गेला नाही. जिच्यात आपलं माणूस पुरलंय, तिच्यावर संशय कोण घेणार?

ओटिली रोज उजाडताना बेन्नोच्या दगडापाशी जाऊन बसत असे. त्याच दुसऱ्या वसंतात, बागा वाचाव्यात म्हणून लोकांनी छाटणीच्या काड्या पेटवल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. तिने बघितलं, की धूर वर जातच नाही. तो जमिनीला धरून उताराने खाली येतोय, भिंतीपाशी अडतोय आणि बांधाला तुंबलेल्या पाण्यासारखा हळूहळू वर चढतोय. तिच्या कमरेपर्यंत गारठा होता. ती धडपडत भिंतीवर चढली आणि पलीकडे उतरली. पलीकडचं गवत नुसतं ओलं होतं. बर्फाचा कण नाही. अलीकडे मात्र पायाखाली गवत कुरकुरत होतं.

थंडी पाण्यासारखी वाहते, आणि आपण तिला बांध घातलाय, हे तिला तिथल्या तिथे कळलं. थंडीला वाट द्यायची तर ती सगळ्यात सखल जागीच फोडावी लागणार, हेही कळलं. त्या जागी बेन्नो होता.

ओटिलीने तोंडात मिठाची गुळणी धरली. घरी आली, चूल पेटवली, कोणाला काही बोलली नाही. उन्हाळा गेला, तोडणी झाली, म्हणजे जे काही उरलं होतं ते तोडलं. हिवाळा आला. ती रोज पहाटे भिंतीपाशी जायची आणि रोज मनाशी म्हणायची, की यंदा कदाचित थंडी पडणार नाही. या बाईला वाईट म्हणणं सोपं आहे. पण पुरलेलं लेकरू उकरून काढायचं कोणत्या आईच्या हाताने होईल?

तिसऱ्या वसंतात बर्फ घरांपर्यंत आला. शेजारच्या लेनाची बाग बर्फाने दोनदा जळून गेली होती, घरात धड अन्न नव्हतं, अंगावरचं दूध आटलं होतं. तिची पाच महिन्यांची मुलगी त्या गारठ्यात सकाळी पाळण्यात थंड सापडली. हातभर खड्ड्यात तिची शवपेटी उतरवताना ओटिली तिथे उभी होती. दफन झाल्यावर लोक पांगायच्या आत तिने सगळ्यांना सांगितलं, की भिंत फोडायला हवी, आणि कुठे फोडायला हवी तेही सांगितलं.

कास्परने शपथेची आठवण करून दिली. मग तो म्हणाला, "ओटिली, भिंत फोडली तर तुझा पोरगा फुकट मेला, असं होईल."

ओटिली म्हणाली, "तो फुकटच मेला, कास्पर. हे मला तुमच्याआधी कळलंय."

शपथ मोडायला कोणी पुढे झालं नाही. तेव्हा तिने बेन्नोचीच पहार उचलली आणि एकटी भिंतीवर चढली. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. लोक लांब उभे राहून बघत होते, जवळ कोणी येत नव्हतं. तिच्या हातांची सालटं निघाली. तिसऱ्या दिवशी दुपारी लेना आली आणि पडलेले दगड उचलून बाजूला ठेवू लागली.

दोघी बराच वेळ काम करत राहिल्या. मग ओटिलीचा हात थांबला. तिला लेनाने आपल्याला चांगली समजावं हे सहन होईना, असं सांगतात.

"लेना," ती म्हणाली, "मला हे गेल्या वसंतातच कळलं होतं. मी बोलले नाही."

लेनाच्या हातात दगड होता. तो तिने घट्ट धरला. तो आता आपल्या डोक्यात बसणार असं ओटिलीला वाटलं, आणि तिने डोकं चुकवलं नाही. लेनाने दगड राशीवर नेऊन ठेवला. परत आली, दुसरा उचलला. अंधार पडेपर्यंत ती दगड वाहत होती, आणि त्यानंतर एकोणीस वर्षं दोघी शेजारी राहिल्या, पण ती ओटिलीशी एक शब्द बोलली नाही.

चौथ्या दिवशी ओटिली तळाशी पोचली. बेन्नोचं जे उरलं होतं ते तिने स्वतःच्या हाताने गोधडीत बांधलं. शपथ मोडली म्हणून कास्परने दफनभूमीत जागा दिली नाही, तेव्हा तिने ते टेकडीवर नेलं आणि तिथे पुरलं. पुढच्या वसंतात लोकांनी काड्या पेटवल्या, धूर उताराने खाली आला आणि भगदाडातून सरळ बाहेर निघून गेला. फुटवे वाचले. उन्हाळ्यात मात्र त्याच भगदाडातून उत्तरेचा वारा आत घुसू लागला, आणि त्याच्या तोंडासमोर एकच बाग होती, ओटिलीची. तिच्या वेली दरसाल करपत. तिने दुसरीकडे जागा मागितली नाही, आणि देऊ केली तेव्हा घेतली नाही. मरेपर्यंत ती त्याच करपलेल्या ओळींची छाटणी करत राहिली.

आजही वेलींचे डोळे फुटायच्या आधीच्या रविवारी सकाळी सगळं खोरं भगदाडापाशी जमतं. ज्याच्या मनात काही दडवलेलं असेल, जे माहीत असून बोलायला हवं तेव्हा बोललं गेलं नाही, त्याने तिथे उभं राहून ते सांगायचं. ऐकणाऱ्याने माफ करायचं नाही आणि दोषही द्यायचा नाही. ज्याचं नुकसान झालं असेल त्याने भगदाडाच्या कडेचा एक दगड काढायचा आणि राशीवर नेऊन ठेवायचा. सुरुवातीला माणूस अंग चोरून निघेल एवढं ते भगदाड होतं म्हणे, आता दोन ट्रॅक्टर शेजारून जातात. गेल्या वर्षी दोन तास सगळे थंडीत उभे होते आणि एकही दगड हलला नाही. म्हणजे कोणाच्याच मनात काही नव्हतं, असं मात्र इथे कोणी मानत नाही. त्या दिवशी घरी जाताना कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.