हिल्ट्रूड नावाडीण आणि मठाची घंटा

गावोगावी घड्याळं नव्हती, माणसं घंटेवर उठायची आणि घंटेवरच जेवायची, त्या काळातली ही गोष्ट. जर्मनीतल्या डोंगरांत व्हाल्डेनरोट नावाचं एक लहानसं गाव. गावापुढं नदी, आणि नदीच्या मधोमध खडकावर संत बेनेडिक्टच्या पंथातल्या ख्रिस्ती संन्याशांचा मठ. तिकडं जायची वाट एकच, हिल्ट्रूडची होडी.

हिल्ट्रूडचा बाप नावाडी, आजाही नावाडी. बाई अंगानं दांडगी, आवाजानं खणखणीत. वल्हं हातात घेऊनच ती जन्मली, असं म्हणतात.

पुढं मठाचे प्रमुख फादर गुंपेर्ट यांनी लाकडी पूल बांधला. पूल मोठा देखणा होता. गाव हरखलं, आणि हिल्ट्रूड काठावर बसून राहिली.

"आता होडी फोड आणि चुलीत घाल," फादर हसून म्हणाले.

ते बोलणं हिल्ट्रूडला लागलं. पण होडी काही तिनं फोडली नाही. दरवर्षी ती होडी उलटी घालायची, डांबर फासायची आणि पुन्हा पाण्यात सोडायची. लोक म्हणायचे, बाईला वेड लागलंय.

आणि एका वर्षी संत बेनेडिक्टचा सण आला. गावातली झाडून सारी पोरं गोड पाव खायला मठात गेली. त्या सकाळी ऊन ऊन वारा सुटला, डोंगरावरचा बर्फ एकाएकी वितळला आणि नदीवर दाट धुकं उतरलं. धुक्यातून कडकडाट ऐकू आला. वाहून आलेल्या बर्फाच्या लाद्यांनी पूल काडीसारखा मोडला होता. पाणी खडकावर चढू लागलं. काठावर आया हंबरडा फोडत होत्या, आणि समोर काहीच दिसत नव्हतं.

हिल्ट्रूडनं होडी खांद्यावर घेतली. जी होडी गड्यांना हलत नसे, ती तिनं एकटीनं उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला नेली, असं म्हणतात. तिथून तिनं ती पाण्यात लोटली आणि लाद्या वल्ह्यानं सारत सारत मठ गाठला.

"आलीस खरी, पण परत कशी जाशील?" फादर म्हणाले. "नदी ओढून नेईल."

"दोर द्या."

"एवढा लांब दोर आणायचा कुठून?"

"घंटेचा आहे की! सोडू नका, वर बांधलेलाच राहू द्या. कमी पडेल तिथं तुमच्या कमरेचे जोडा."

संन्याशांनी भराभर कमरेचे दोर सोडले, गाठी मारल्या. एवढं करूनही दोर नदीच्या निम्म्यावर संपायला हवा होता. पण हिल्ट्रूड पहिली काही पोरं घेऊन निघाली तसा तो लांबत गेला, लांबत गेला आणि थेट गावाला पोचला, असं म्हणतात.

तिनं त्याचं टोक काठावरच्या ओक झाडाच्या बुंध्याला आवळलं. आता मठापासून गावापर्यंत दोर ताणला गेला. त्याला धरून ती होडी ओढू लागली. प्रत्येक हिसक्याला वर मनोऱ्यात घंटा वाजे, आणि प्रत्येक ठोक्याला लाद्या बाजूला होत. धुक्यात होडी दिसत नव्हती; पण घंटा वाजतेय तोवर हिल्ट्रूड आहे, हे काठाला कळत होतं. तिनं उरलेली पोरं आणली. संन्यासी आणले. तळहात सोलून निघाले, तरी ती थांबली नाही.

शेवटच्या खेपेला फादर वेदीपाशी गुडघाभर पाण्यात उभे होते.

"मी मठासोबत राहतो. तू जा."

"फादर, पूल बांधताना तुम्ही मला विचारलं नाहीत," हिल्ट्रूड म्हणाली. "आता मीही विचारत नाही. चढा होडीत!"

आणि फादर निमूट चढले.

त्या खेपेला घंटा अशी वाजली की सात डोंगरांपलीकडं ऐकू गेली. धुकं फाटलं, ऊन पडलं, आणि उन्हात हिल्ट्रूडची होडी काठाला लागली. एक जीव कमी नव्हता. गावानं तिला होडीसकट उचललं आणि नाचत नाचत चौकात नेलं. पाणीही हरलं आणि मुकाट ओसरलं, असं म्हणतात.

आता तिथं दगडी पूल आहे. पण संत बेनेडिक्टच्या दिवशी तो बंद असतो. त्या दिवशी मठात होडीनंच जायचं, आणि होडी गावातल्या बाईनंच हाकायची. मठाचे प्रमुख काठावर येतात, डोकं उघडं करतात आणि विचारतात, "हिल्ट्रूडच्या नावानं, येऊ का?"

बाई "बसा" म्हणेपर्यंत ते जमिनीवरचा पाय उचलत नाहीत.