पांढऱ्या बागेचं गाऱ्हाणं

एका समुद्रकाठच्या गावात जनू तारी नावाचा एक नाववाला राहत होता. गावासमोरच्या उथळ पाण्यात तांबूस, जांभळी, हिरवी पोवळी होती. त्यांच्या आडोशाला मासळीची पिल्लं वाढायची आणि मोठी होऊन रापणीत, म्हणजे सगळं गाव मिळून ओढायचं त्या जाळ्यात, यायची. जनू पर्यटकांना नावेतून ही पोवळी दाखवायचा.

एका वैशाखात समुद्र अंघोळीच्या पाण्यासारखा तापला. पंधरा दिवसांत पोवळी पांढरीफटक पडली.

जनूची चुलती सुंद्राकाकी ओहोटीला खडकावर कालवं काढायची. तिने ते पाहिलं आणि तडक जनूला गाठलं. "जनू, पोवळी उष्म्यान आजारी पडली आसत. मरूक नाय ती. पाणी थंड होईसर थंय नांगर टाकू नको, कोणाक पाय ठेवूक देव नको."

शहाण्याने काय केलं असतं? नाव दुसरीकडे नेली असती. जनूने काय केलं? फळा रंगवला: 'समुद्रातली पांढरी बाग'! आजाऱ्याच्या उशाशी जत्रा भरवली म्हणायची. लोक पोवळ्यांवर उभे राहून फोटो काढू लागले. बाकीच्या नाववाल्यांनीही तिथेच नांगर टाकले. काकी रोज ओरडायची.

"काकी, तुका चांगला कायव बघवना नाय," जनू हसायचा. अशा माणसापुढे कपाळ बडवावं तरी किती वेळा!

पावसाळ्यात पाणी निवलं. कड्याआड, जिथे नाव जातच नाही, तिथली पोवळी पुन्हा रंगली. जनूच्या बागेत मात्र मोडके तुकडे उरले, त्यांवर बुळबुळीत शेवाळ.

नारळी पौर्णिमेनंतर रापण लागली. तीनदा ओढली, तिन्ही वेळा हाती आले चार खेकडे. गाव घाबरलं आणि नारळ घेऊन किनाऱ्यावर जमलं. गाऱ्हाणं घालायचा मान जनूच्या घराचा. त्याने हात जोडले.

"बा समुद्रा म्हाराजा, कोणाकडसून काय चूकभूल झाली आसात, ती पदरात घे नि आमची रापण भर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव एका सुरात म्हणालं.

काकी पुढे आली. "'कोणाकडसून' कित्याक? नाव घे. पयला तुझा, मगे नांगर टाकलेल्या सगळ्यांचा."

या वेळी 'व्हय म्हाराजा' म्हणायला एकाचंही तोंड उघडलं नाही.

तात्पर्य: आजाऱ्याचा तमाशा मांडून वर देवाला साकडं घालू नये. आपल्या पायाखाली काय मोडलं ते आधी आपल्या तोंडाने सांगावं, आणि मुळात पाय वेळेवर उचलावा.