जुनीच बॅटरी परत बसव

घाटाच्या पायथ्याशी एकदा एक वृद्ध वस्ताद गाड्यांच्या वायरिंगचे काम करीत असत. नाव बाबालाल, पण पंचक्रोशीत त्यांना वस्ताद याखेरीज कोणी हाक मारीत नसे. निवास नावाचा एक तरुण त्यांच्या हाताखाली तयार झाला होता. हात चलाख आणि मन मऊ. मऊ मनाची माणसे फार घाई करतात, असे माझे जुने मत आहे, आणि ही कथा मी त्यासाठीच सांगतो आहे.

वरच्या पठारावर एक वस्ती होती. तिथल्या रंगरावची जीप हीच वस्तीला दवाखान्यापर्यंत नेणारी एकमेव गाडी. दसऱ्याला काही आठवडे उलटले असतील. रंगरावच्या बायकोला, हिराबाईला, सकाळी गोठ्यात साप चावला. रंगरावने किल्ली फिरवली. इंजिन जरासे कण्हले आणि गप्प झाले. चार माणसांनी जीप ढकलत उतारापर्यंत नेली, तेव्हा कुठे ती सुरू झाली. दवाखाना दिसू लागला त्या वेळी हिराबाई गेलेली होती.

वस्तीने कारण शोधायला वेळ लावला नाही. "रातीला गाडीतला दिवा चालू ऱ्हायला असंल, बॅटरी उतरली," असे कोणीतरी म्हणाले, आणि तेच खरे ठरले. लोकांना कारण हवे असते. ते खरे असावे असा त्यांचा हट्ट नसतो. वाईट याचे वाटते की रंगरावनेही ते मान्य केले. दिवा मालवल्याचे त्याला आठवेना. सासऱ्याने दिवसकार्याला त्याच्या हातचे पाणी घेतले नाही. त्याने अन्न टाकले, बोलणे टाकले. एकदा तर धाकट्या भावाने त्याला विहिरीच्या काठावरून ओढून आणले.

त्याच भावाने जीप वस्तादांच्या दारी आणून उभी केली. हकीकत ऐकून निवासच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. त्याने पदरमोड करून नवी बॅटरी बसवली, आणि शंका नको म्हणून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही नवा घातला. किल्ली फिरवताच जीप गर्जून उठली. वस्ताद हे सारे दारातून पाहत होते.

"काढ दोन्ही," ते म्हणाले. "जुनीच बॅटरी परत बसव. अल्टरनेटरबी जुनाच."

निवास थक्क झाला. "वस्ताद, त्या मानसाचं घर बसलंय! गाडी चालू झाली, आता आनि काय पायजे?"

"काढ म्हनलं न्हवं?"

मनातून चरफडत निवासने दोन्ही वस्तू उतरवल्या. वस्तादांनी जुनी बॅटरी बाहेर चार्ज करायला लावली आणि एक दिवस तशीच ठेवली. ती उतरली नाही. म्हणजे बॅटरी निर्दोष होती. मग जुने सगळे जोडून इंजिन चालू केले आणि मीटर लावला. अल्टरनेटरपाशी काटा हवा तिथे जात होता, बॅटरीपाशी मात्र पार खाली राहत होता.

"करंट तयार हुतोय, पर पोचत न्हाई," वस्ताद पुटपुटले. "वाट बघ कुठं आडलीया."

बॅटरीपासून चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जाणारी अर्थिंगची वायर हाती लागली. तिचा बोल्ट खोलला, आणि वायरच्या टोकाखाली लोखंडाऐवजी काळाभोर, चकचकीत रंग दिसला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, गाड्या पूजेला लागतात, म्हणून त्याआधी चासीला काळा रंग देण्याची त्या भागात चाल आहे. रंगाचा पातळ पापुद्रा मध्ये आला की विजेची वाट निम्मी बुजते. गाडी रोज धावत होती, आणि बॅटरी रोज थोडी थोडी उपाशी राहत होती.

निवासने त्या रंगावरून बोट फिरवले. त्या वर्षी रंगरावच्या जीपला रंग त्यानेच दिला होता. बोल्ट खोलून, खाली रंग मारून, वर वायर कसून बसवली होती. छान दिसावे म्हणून.

त्याने विचारले, "तुमाला ठाव हुतं?"

"मला कुठलं ठाव? त्यात माझाबी हात निघाला असता," वस्ताद म्हणाले. "पर नवा माल घालून गाडी पाठीवली असती, तर चार म्हैने बरी चालली असती. आनि चालत्या गाडीला कोन इचारतं, बाबा, की तू त्या दिशी का बंद पडलीस? मग ते कारन कुनाच्या डोक्यावर ऱ्हायलं असतं? रंगरावच्या. मरूस्तवर. तू दया केलीस, पर त्या दयेनं त्याच्यावरचा आळ पक्का हुनार हुता."

दोघांनी मिळून रंग खरवडला आणि वायर नीट बसवली. मग वस्तादांच्या सांगण्यावरून निवासने आतला दिवा रात्रभर मुद्दाम चालू ठेवला. सकाळी किल्ली फिरवली, आणि त्याच जुन्या बॅटरीवर जीप एका झटक्यात सुरू झाली.

निवास ती चालवीत एकटाच वस्तीवर गेला. वस्तादांनी बरोबर येण्याचे नाकारले होते. रंगराव ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. निवासने त्याच्या समोर जमिनीवर बसून सगळे सांगितले. रंगाचे सांगितले. आपला हात होता हे सांगितले. रंगराव ऐकत होता की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

शेवटी त्याने एवढेच विचारले, "आनि दिवा?"

"वायर नीट असती, तर दिवा ऱ्हायला असता तरी गाडी चालू झाली असती, रंगूदादा. मी रातभर लावून बगितला."

रंगरावचा चेहरा वाकडातिकडा झाला. त्याने निवासला शिवी दिली नाही आणि क्षमाही केली नाही. त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने तोंडावर उपरणे धरले आणि बायकोचे नाव घेऊन हंबरडा फोडला. इतके दिवस तो आपल्या अपराधासाठी रडत होता. हिराबाईसाठी तो त्या दिवशी पहिल्यांदा रडला.