गच्चीवरचा हिरवा झेंडा

प्राचार्य वळसंगकरांनी कॉलेजच्या गच्चीवर इशाऱ्याचे झेंडे आणले. सगळं ठीक असेल तर हिरवा, जपून राहायचं तर पिवळा, संकट आलं तर लाल. पण साहेबांचा पारा कायम चढलेला. कुणी हजेरी चुकवली, लाव लाल! कुणी व्हरांड्यात हसलं, लाव लाल! वर्षभर दुसरा रंग चढलाच नाही.

एके दुपारी प्रयोगशाळेत गॅस गळू लागला. लाल झेंडा सकाळपासून फडकतच होता, त्यामुळे कुणी हललं नाही. शिपाई केरूअण्णांनी तो शांतपणे उतरवून हिरवा चढवला. हे नवल बघायला सगळं कॉलेज मैदानात धावलं आणि वाचलं.

“संकटात हिरवा? अक्कल गहाण ठेवलीत का?” साहेब कडाडले.

“साहेब, लाल तुम्ही हजेरीवरच संपवलात. गॅससाठी हिरवाच उरला होता.”