तरस पाहिजे

जनावरं बोलायची खूप, पण एकमेकांचं ऐकायची नाहीत, त्या काळची ही गोष्ट. खैराच्या रानात राजाची निवडणूक लागली. त्याच सुमारास शेजारच्या तिन्ही रानांनी हद्दीवरच्या झाडांना पाट्या ठोकल्या, "तरस पाहिजे."

निवडणुकीला उभा राहिलेला तरस छाती फुगवून म्हणाला, "बघा, सगळ्यांना मीच पाहिजे! पण मी तुम्हाला सोडून कुठे जाणार नाही."

ससे हरखले. म्हातारी साळिंदर मावशी मात्र भडकली. "अरे शहाण्यांनो, त्याने तिकडची पाडसं खाल्लीत. खटला चालवायला पाहिजे आहे तो!"

"तिकडचीच ना?" आपल्या पाडसाला चाटत हरिणी म्हणाली. "मग आमचा राजा कोण, ते आम्ही ठरवू. बाहेरच्यांनी नाक खुपसू नये."

तरस दणक्यात निवडून आला. शब्दाचा पक्का निघाला. रान सोडून कुठेच गेला नाही, जेवायलासुद्धा.

थंडीच्या तोंडावर हरिणी एकटीच मावशीच्या बिळाशी आली.

"मावशी, तुझा एक काटा दे. पाटी लिहायचीय."

"काय लिहिणार?"

हरिणीने मान खाली घातली. "तरस पाहिजे."