पेन्सिलीची छाप

“मग एकूण किती धरू, उस्ताद?”

हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला गेला होता. उस्ताद दस्तगीर शिकलगार यांनी तिसऱ्यांदाही उत्तर दिले नाही. मांडीवरच्या खर्चाच्या फायलीचे पान ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत, मगच उलटत.

विचारणारे होते भरतेश मगदूम. सांगलीच्या एका शाळेत तेहतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवून ते गेल्या वर्षी निवृत्त झाले. आयुष्यात कधी पान्याला हात न लावलेल्या या गृहस्थांनी चैत्रात एक पन्नास वर्षांची व्हॅन विकत घेतली होती. ती पूर्ववत उभी करायची, तीत दुर्बीण, भिंगे, लंबक, तराजू भरायचे, आणि जत तालुक्यातल्या ज्या शाळांत प्रयोगशाळा नाही त्यांच्या दारात ती नेऊन लावायची, असा त्यांचा संकल्प होता. नऊ शाळांना त्यांनी शब्द दिला होता. दिवाळीची सुटी संपली की येतो.

आता भाद्रपद चालू होता.

उस्तादांचे गॅरेज मिरजेबाहेर, एका चिंचेच्या आडोशाला. उस्तादांचे वय पंच्याहत्तर. काम हाती घेणे त्यांनी सोडले होते. प्रश्न घेऊन आलेल्याला मात्र ते परत पाठवीत नसत. उत्तर देत असत, असेही नाही.

“चाळीस पानं,” उस्ताद म्हणाले.

“बेचाळीस. परिशिष्टे धरून.”

“आमच्या निकाहनाम्याला एकच लागलं होतं.”

मगदूम हसले नाहीत.

“दुरुस्तीचा असा कागद मी आजवर बघितला नाही, सर.”

“दुरुस्ती नव्हे. जीर्णोद्धार.”

“तो देवळाचा करतात ना?”

“जी वस्तू मूळ रूपात पुन्हा उभी करायची, तिचा जीर्णोद्धार. मोडलेले चालू करणे म्हणजे दुरुस्ती.”

“बरं.” उस्तादांनी आणखी एक पान उलटले. “घेताना किती बघितल्या?”

“तीन. पहिली चकचकीत होती. दाराला चुंबक लावून पाहिले, चिकटेना. आत पत्रा थोडा आणि भरलेली पुट्टीच फार. सोडली. दुसरी चालू स्थितीत होती, पण मालकाजवळ कागद नव्हते. तीही सोडली. तिसरी बंद, गंजलेली, इंजिन आखडलेले. पण कागद पूर्ण होते, आणि चासीवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळत होता. मी भिंग लावून एकेक अंक पडताळला.”

उस्तादांनी मान वर केली. “हे कोणी शिकवलं?”

“कोणी नाही. वाचले, विचार केला.”

“लोक रंग बघून घेतात आणि मग इथं येऊन रडतात. तुम्ही घेतलीत ती बरोबर घेतलीत.”

मगदूमांच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते त्यांनी लपवले नाही.

“रंगाला एवढे?” उस्तादांनी एका ओळीवर बोट ठेवले.

“मूळची छटा मिळवायची आहे.”

“यातले अर्धे तळाच्या पत्र्याला द्या. बसणाऱ्याचा पाय तळातून रस्त्याला लागला, तर रंगाकडे बघणार कोण? आणि काचांचं रबर कुठाय यात?”

“रबर... ते किरकोळ खर्चात.”

“या गाडीचं रबर बाजारात मिळत नाही. साचा करून ओतून घ्यावं लागतंय. त्याला स्वतःचं पान करा.”

मगदूमांनी टिपून घेतले.

“बाकी?”

“बाकी चोख आहे.”

“मग एकूण किती धरू? बेरजेवर दहा टक्के अनपेक्षित खर्चासाठी ठेवले आहेत. पुरतील?”

उस्तादांनी फाईल मिटली.

“गाडी बघू.”

व्हॅन चिंचेखाली, गॅरेजच्या दाराकडे तोंड करून उभी होती. दुसऱ्या गाडीला दोर बांधून ती सांगलीहून ओढत आणली होती. इंजिन काढलेले, दारे उतरवलेली, आसने नाहीत. वरच्या पत्र्यावर अजून गंजाचे डाग होते. पण खालची चासी, जिच्यावर सारी गाडी तोललेली असते ती लोखंडी चौकट, घासलेल्या तांब्यासारखी लखलखत होती.

“हे कोणी केलं?”

“मी.” मगदूम पुढे झाले. “पाया आधी, असे ठरवले होते. पाच महिने, रोज चार तास. तारेच्या ब्रशाने गंज सुटेना, म्हणून ग्राइंडर घेतला. कोपऱ्यातसुद्धा एक ठिपका ठेवला नाही.”

उस्ताद उकिडवे बसले. चासीवरून त्यांनी तळहात फिरवला, पुढून मागे आणि मग मागून पुढे. पुढच्या उजव्या चाकाजवळ हात थांबला.

तो तिथेच राहिला...

“कोरा कागद आहे का, सर? पातळ.”

“आहे.”

“पेन्सिल?”

तीही होती.

“ही आरटीओत पासिंगला नेलीत की इन्स्पेक्टर आधी काय घेतो?”

“चासी नंबरची छाप. त्यावर कागद धरतात आणि वरून पेन्सिल घासतात. ठोकलेले अंक उमटतात.”

“घ्या.”

मगदूम गुडघ्यांवर बसले. चाकाजवळच्या जागी कागद धरून त्यांनी पेन्सिल आडवी केली आणि हलक्या हाताने घासू लागले. कागद काळा होत गेला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एकसारखा काळा.

त्यांनी कागद दोन बोटे सरकवला. पुन्हा घासले.

दुसरा कागद घेतला.

तिसरा घेताना त्यांचा हात घाई करू लागला होता.

“इथेच होता,” ते म्हणाले. “मी भिंग लावून...”

त्यांनी तिसरा कागदही उजेडाकडे धरला.

“इथेच होता, उस्ताद.”

“असणारच. या गाडीचा तिथंच असतोय.”

मगदूमांनी चासीवर बोट टेकवले. धातू गार होता आणि निर्दोष गुळगुळीत होता.

“म्हणजे ही गाडी...”

“गाडी आहे की. समोर उभी आहे.”

“कागद आहेत माझ्याकडे.”

“कागदही आहेत.”

“पण हे कागद याच गाडीचे, हे आता...”

“हे आता कोण सांगणार?” उस्तादांनी विचारले. तो प्रश्नच होता. त्यात टोमणा नव्हता.

मग मगदूम उठले आणि त्यांनी गुडघ्यांची माती झटकली. आवाज वर्गातला झाला.

“आपल्याकडे अंक ठोकायचे पंच असतील.”

“आहेत. इंजिन उघडलं की तुकड्यांवर खुणा ठोकाव्या लागतात. नाहीतर कुठला कुठं बसायचा ते कळत नाही.”

“मला तो नंबर पाठ आहे, कागदावरही आहे. गाडी चोरीची नाही. नंबर दुसऱ्या कोणाचा नाही. होते तेच अंक, होते त्याच जागी. यात फसवणूक कोणाची?”

“कोणाचीच दिसत नाही.”

“मग ठोकू या.”

उस्ताद आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक लाकडी पेटी आणि हातोडा होता. पेटी उघडून त्यांनी गवतावर ठेवली. आत बोटभर लांबीचे पोलादी तुकडे ओळीने निजवलेले होते.

“नऊच आहेत. सहाचा आणि नऊचा एकच, उलटा धरायचा.” त्यांनी हातोडा पुढे केला. “घ्या.”

“मी?”

“गाडी तुमची, नंबर तुम्हाला पाठ.”

“माझ्याने ओळ सरळ येणार नाही. आपला हात बसलेला आहे...”

“वाकडी आली म्हणून काय झालं? अंक तर खरे आहेत.”

मगदूमांनी चारचा पंच निवडला. तो त्या लखलखीत लोखंडावर उभा धरला. हातोडा उचलला.

हातोडा वरच राहिला...

“प्रात्यक्षिकाच्या तासाला,” मगदूम म्हणाले आणि थांबले.

उस्ताद वाट पाहत होते.

“काही मुले लंबकाला हातच लावीत नसत. पुस्तकातला आकडा वहीत उतरवीत आणि वही पुढे करीत. आकडा बरोबर असे.”

“मग?”

“मी शून्य देत असे.”

“बरोबर आकड्याला?”

“बरोबर आकड्याला.”

“लईच कडक होता की ओ तुम्ही.”

हातोडा खाली आला, पण पंचावर नाही. तो गवतात पडला. पंच पुसून मगदूमांनी पेटीत त्याच्या खाचेत ठेवला. खाच सापडायला त्यांना वेळ लागला.

“दुसरा मार्ग आहे?”

“आहे. आरटीओत अर्ज द्यायचा. नंबर माझ्या हातून गेला, असं लिहून द्यायचं. ही चोरीची नाही असा पोलिसांचा दाखला आणायचा. जुन्या मालकाला सहीला न्यायचं. मग इन्स्पेक्टर सांगेल त्या दिवशी, त्याच्या डोळ्यांसमोर, नंबर पुन्हा ठोकून घ्यायचा.”

“माझ्या हातून गेला, असे लिहायचे...”

“आणि कसा गेला तेही. जीर्णोद्धार करताना, असं लिहा. साहेबाला बरं वाटेल.”

या वेळी मगदूम हसले. हसू फार वेळ टिकले नाही.

“किती दिवस लागतील?”

“तीन महिने. सहाही लागतील.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“तर काचा, दारं, चाकं सुटी विका. घेणारे भेटतील.”

“नऊ शाळांना दिवाळीनंतरचा शब्द दिला आहे.”

“त्यांना काय सांगणार?”

मगदूम व्हॅनच्या मोकळ्या पोटाकडे पाहत राहिले. जिथे दुर्बीण बसवायची, तिथे त्यांनी खडूने एक वर्तुळ काढून ठेवले होते.

“झाले ते सांगेन,” ते म्हणाले. “दुर्बीण एस.टी.ने नेता येईल, मांडीवर धरून. लंबक पिशवीत मावतो. एका खेपेला एक शाळा.”

उस्तादांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती हलली, हे सांगता येत नाही.

मगदूम दगडावर बसले. फायलीतल्या शेवटच्या पानाची मागची बाजू कोरी होती. तिथे त्यांनी लिहायला घेतले. हस्ताक्षर फळ्यावरच्यासारखे ठळक होते. मध्येच ते थांबले, एक शब्द खोडला, वर दुसरा लिहिला.

“वाचा की,” उस्ताद म्हणाले.

“‘मी, भरतेश आदगोंडा मगदूम, असे लिहून देतो, की सदर वाहनाच्या चासीवरील क्रमांक गंज काढताना माझ्या स्वतःच्या हातून, अज्ञानाने, नष्ट झाला आहे.’”

“खोडलं काय?”

“‘अनवधानाने’ लिहिले होते.”

“तोच शब्द चालतोय तिथं. सगळे तोच लिहितात.”

“चालत असेल. पण माझे लक्ष पूर्ण होते, उस्ताद. पाच महिने दुसरीकडे गेले नाही.” त्यांनी खाली सही केली, तारीख घातली. “लक्ष होते. ग्राइंडर अंकही खातो, हे ठाऊक नव्हते.”

उस्ताद उठले. भिंतीपाशी त्यांचा जेवणाचा डबा फडक्यात बांधून ठेवला होता. गाठ सोडून त्यांनी आतून एक लिंबू काढले, अंगरख्याला पुसले, आणि खाली वाकून ते व्हॅनच्या पुढच्या चाकापुढे ठेवले.

“हे काय?” मगदूमांनी विचारले.

“लिंबू.”

“ते दिसते आहे. पण हे नवी गाडी घेतल्यावर ठेवतात. ही तर मी चैत्रात घेतली.”

उस्तादांनी गॅरेजचे दार सताड उघडले आणि वळसा घालून ते व्हॅनच्या मागे गेले. बाह्या वर सारून त्यांनी मागच्या पत्र्याला आपला खांदा टेकवला.

“चैत्रात घेतलीत ती निराळी. लावा खांदा, सर.”