बत्ता थांबला तेव्हा

फार जुन्या काळची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होते. तिथे रंभाजी औषधे कुटायचा. वैद्यांनी मुळ्या-साली सांगाव्यात, रंभाजीने खलात त्यांचे चूर्ण करावे. औषध कोणासाठी, हे त्याने कधी विचारले नाही.

एकदा त्याची बायकोच आजारी पडली. थोरल्या वैद्यांनी नाडी पाहिली, औषध सांगितले. रंभाजी घाईघाईने कुटायला बसला. आतून तिने हाक मारली, "अहो, ऐकता का जरा?"

"एवढं कुटून होऊ दे," तो म्हणाला.

चूर्ण उत्तम झाले. पण ते घ्यायला ती उरली नाही. तिला काय सांगायचे होते, ते त्याला कधीच कळले नाही.

केस पिकू लागले होते, तरी रंभाजी दुकान बंद करून वैद्यकी शिकायला गेला. गुरूंचे पोरसवदा शिष्य थट्टा करीत, "काका, बत्ता घरी विसरलात वाटतं!" तो हसे आणि शिकत राही. परतला तो वैद्य होऊन.

नाडी पाहून झाली की तो रोग्याला खलासमोर बसवी आणि स्वतः औषध कुटू लागे. थोरले वैद्य संतापले. "वैद्याने कुटायचं नसतं! बत्ता सोड, नाहीतर वैद्यकी. येत्या वैद्यसभेत काय ते सांग."

त्याच सुमारास त्यांची बहीण येसूबाई अंथरुणाला खिळली. मुलगा लढाईवर गेल्यापासून ती खंगत चालली होती. चक्कर येई, पायांत गोळे येत. भावाचे एकही औषध लागू पडेना. शेवटी त्यांनीच रंभाजीला बोलावले. "हिला वाचव. मग बत्त्याचं कोणी नाव काढणार नाही."

रंभाजीने नाडी पाहिली, खल मांडला आणि कुटू लागला. येसूबाई वरखाली होणारा बत्ता पाहत होती. मग हलकेच म्हणाली, "वैद्यबुवा, ऐकता का जरा?"

बत्ता जागच्या जागी थांबला.

"सांगा, आक्का."

"पोरगा परत येईपर्यंत मी मीठ सोडलंय. सगळ्यांच्या मागून जेवते, म्हणून कोणाला कळलं नाही. दादाला सांगू नका, घर डोक्यावर घेईल."

रंभाजीने चूर्ण बाजूला सारले आणि मीठ घातलेली पेज मागवली.

"आणि माझा नवस?"

"मोडू नका, बदला. मिठाऐवजी गोड सोडा."

"म्हणजे दादाचं मधातलं औषधही सुटलं!" येसूबाई कित्येक दिवसांनी हसली. दाराआड उभ्या असलेल्या थोरल्या वैद्यांनाही हसू आवरले नाही.

सभेच्या दिवशी येसूबाई आपल्या पायांनी चालत आली. तिच्या हातात रंभाजीचा बत्ता होता. लोकांनी जयजयकार केला. थोरल्या वैद्यांनी रंभाजीला आपल्या शेजारी बसवले. "खल इथेच मांड," ते म्हणाले, "आम्हालाही कुटायला शिकव."

"कुटणं सोपं आहे," रंभाजी म्हणाला. "मी थांबायला शिकवतो."

लहानांनो आणि थोरांनो, एवढे ध्यानात ठेवा: जो आधी ऐकून घेतो, त्याच्याच औषधाला गुण येतो.